बारा महिन्यांचा दगड

फेब्रुवारी पाय शेकत बसला आहे. शेजारच्या कमानीत जानेवारीने शिंगाचा प्याला तोंडाला लावला आहे. मार्च मात्र उठून जमीन खणायला लागला. एप्रिल झाडाची छाटणी करतो, जून तण काढतो, जुलैच्या हातात गवत कापायचा लांब दांड्याचा विळा आहे. ऑगस्ट पेंढी बांधतो, सप्टेंबर धान्य झोडपतो, नोव्हेंबर हिवाळ्याच्या बेगमीसाठी डुक्कर मारतो. प्रत्येक महिन्याला एक कमान आणि बहुतेक कमानींत जेमतेम मावेल एवढा एक माणूस. डोकं मोठं, अंग आखूड, हातात त्या महिन्याचं काम. इंग्लंडमधल्या नॉरफकच्या उत्तर किनाऱ्यावर बर्नहॅम डीपडेल नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये बाराव्या शतकातलं एक चौकोनी दगडी कुंड आहे, आणि हे सगळे महिने त्या कुंडाच्या अंगावर राबत आहेत.

कुंड बाप्तिस्म्याचं आहे. गावात जन्मलेलं मूल पहिल्यांदा ज्या पाण्यात बुडवायचं, ज्या पाण्यातून नाव घेऊन बाहेर काढायचं, त्या पाण्याचं हे पात्र. त्याच्या तीन बाजूंवर प्रत्येकी चार महिने आहेत, चौथ्या बाजूवर पानाफांद्यांचं कोरीवकाम, आणि वरच्या काठाशी सिंहांची एक रांग. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चांमध्ये अशी कुंडं शेकड्यांनी आहेत. इमारत कितीही वेळा बदलली, छत नवं आलं, खिडक्या मोठ्या झाल्या, तरी कुंड बहुधा जुनंच राहिलं. गावातली सगळ्यात जुनी, अजून वापरात असलेली वस्तू पुष्कळदा हीच असते. पण डीपडेलच्या कुंडापुढे मी जेवढी खिळून राहिले, तेवढी दुसऱ्या कुठल्याच कुंडापुढे राहिले नाही. त्याचं कारण त्या बारा माणसांत आहे.

आधी दगडाचं सांगते. नॉरफकमध्ये कोरीवकामाला चांगला दगड मिळत नाही. तिथे मिळते गारगोटी, कठीण आणि वेडीवाकडी. तिच्या भिंती उभ्या राहतात, पण कोपरे साधत नाहीत. या भागात गोल मनोऱ्यांची चर्चं एवढी का, याचं एक कारण हेच सांगितलं जातं: गोलाला कोपरा लागत नाही. एकट्या नॉरफकमध्ये अशी सव्वाशेच्या आसपास चर्चं आहेत आणि डीपडेल त्यांतलंच एक. अशा मुलखात कुंडासाठी एवढा मोठा, एकसंध, छिन्नीला वश होणारा दगड बाहेरून आणावा लागे. रस्ते चिखलाचे, म्हणून शक्य तेवढा पाण्यावरून. स्वतःची घरं माती, लाकूड आणि गवताची असलेल्या लोकांच्या गावात असा दगड आला, तो बाळांसाठी.

तो कोरणारा पाथरवट कोण होता, याची नोंद नाही. कंब्रियातल्या ब्राइडकर्कच्या कुंडावर कोरणाऱ्याने स्वतःचीच आकृती, हातोडा-छिन्नीसकट, कोरून ठेवली आहे आणि रून लिपीत रिचर्ड हे नावही दिलं आहे. डीपडेलच्या कारागिराने स्वतःला कुठेही ठेवलं नाही. त्याने शेतकरी ठेवले.

त्या कुंडाभोवती तेव्हा काय घडत असे, ते डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या कोरीवकामाचा अर्थ लागत नाही. मूल जन्मलं की फार दिवस थांबायची प्रथा नव्हती. मुलं पटापट दगावत, आणि बाप्तिस्म्याविना गेलेल्या जिवाची गती काय, या भीतीने गावाची झोप उडालेली असे. मूल जगेलसं वाटलं नाही, तर सुईणीने तिथल्या तिथे पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा अशी मुभा होती. त्यासाठीचे शब्द साध्या लोकांना शिकवून ठेवणं हे पाद्र्याचं कामच होतं. मूल धडधाकट असलं, तर सुईण आणि धर्मपिता-धर्ममाता त्याला घेऊन चर्चला येत. मुलगा असला तर दोन धर्मपिते आणि एक धर्ममाता, मुलगी असली तर उलट. आई नसे. ती घरी, बाळंतिणीच्या खोलीत. चाळीसेक दिवसांनी तिचा शुद्धीचा विधी होईपर्यंत तिला चर्चची पायरी नव्हती.

विधीची सुरुवात दाराबाहेर व्हायची. पाद्री बाळाच्या जिभेवर मीठ ठेवायचा, सैतानाला हुसकावून लावणारे मंत्र म्हणायचा, मग सगळे आत यायचे. म्हणून कुंड दाराजवळ असे, आणि आजही बहुतेक ठिकाणी ते तिथेच आहे. बाळाच्या छातीला आणि पाठीला तेल लावायचं आणि तीनदा पाण्यात बुडवायचं: एकदा उजव्या कुशीवर, एकदा डाव्या, एकदा पालथं. जुन्या कुंडांचा घेर एवढा मोठा आहे तो यासाठी. आतून शिशाचा पत्रा, तळाशी भोक, म्हणजे वापरलेलं पाणी चर्चच्याच मातीत मुरावं. पाणी मंत्रून ठेवलेलं असे, आणि त्यात अद्भुत शक्ती आहे असं लोक मानत. इतकं, की 1236 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांवर कुलूपबंद झाकण ठेवण्याचा आदेश दिला. लोक जादूटोण्यासाठी पाणी चोरतील ही धास्ती. कित्येक कुंडांच्या काठांवर त्या कुलुपांच्या कड्या उपटल्याच्या खुणा अजून आहेत.

मराठी वाचणाऱ्या माझ्यासारखीच्या मनात बाप्तिस्मा या विधीचं पहिलं चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तून आलेलं असतं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. तिथे बाप्तिस्मा म्हणजे एका जाणत्या माणसाने विचारपूर्वक केलेली निवड, आणि तिच्यापायी तुटलेलं घर, तुटलेले नातेवाईक, नवरा जिवंत असताना बायकोच्या वाट्याला आलेला एकटेपणा. ते वाचून मोठ्या झालेल्या मला वाटायचं, की हे पाणी माणसाला त्याच्या लोकांपासून दूर नेतं. डीपडेलमध्ये ते नेमकं उलटं काम करत होतं. इथे निवड करायला कोणी जाणतं नव्हतंच. काही तासांचं, फार तर काही दिवसांचं मूल, त्याच्याऐवजी बोलणारी माणसं, आणि त्याला आपल्यात ओढून घेणारं अख्खं गाव. विधी तोच, पण टिळकांसाठी तो उंबरठा ओलांडून बाहेर पडणं होता आणि या बाळासाठी आत येणं.

आत येणाऱ्याला दाखवायचं तरी काय? कारागिराने दाखवलं वर्षभराचं काम.

इथे एखादा धर्मशास्त्राचा जाणकार मला थांबवील. महिन्यांची कामं कोरायची पद्धत डीपडेलची खास नव्हे, हे तो सांगेल, आणि ते खरंच आहे. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथीड्रलच्या दारांवर, इटलीतल्या मोदेनाला, ओत्रांतोच्या फरशीवरच्या मोझेकमध्ये हेच बारा महिने भेटतात. त्यांचा शास्त्रार्थही ठरलेला आहे. आदम-हव्वेने देवाची आज्ञा मोडली, नंदनवनातून हाकलली गेली, आणि तेव्हापासून घाम गाळून भाकर मिळवणं माणसाच्या नशिबी आलं. श्रम ही त्या पापाची शिक्षा. बाप्तिस्मा धुऊन काढतो ते हेच आदिपाप. तेव्हा कुंडावर श्रम कोरले, यात नवल ते काय?

हा अर्थ सर्वांत स्पष्टपणे पाहायचा असेल, तर हँपशरमधल्या ईस्ट मिऑनच्या कुंडाकडे जावं. आजच्या बेल्जियममधल्या तूर्नेच्या काळ्या दगडाचं ते कुंड, समुद्र ओलांडून आणलेलं. त्यावर आदम-हव्वेची कथा क्रमाने कोरली आहे: घडवणं, मोह, हकालपट्टी. शेवटी एक देवदूत आदमाला खणायला शिकवतो आहे आणि जवळच हव्वा सूत कातते आहे. ज्या देवाने हाकललं त्याचाच दूत येऊन हातात अवजार देतो, जगायचं कसं ते दाखवतो. ईस्ट मिऑनच्या कारागिरालासुद्धा शिक्षेवर थांबवेना. त्याला शिकवणंही दाखवावंसं वाटलं.

डीपडेलवर तर आदम नाही, सर्प नाही, हाकलणारा देवदूत नाही. शिक्षेचा निवाडा सांगणारं काहीच नाही. उरलेत फक्त काम करणारे लोक, आणि ते चिरडलेले दिसत नाहीत. फेब्रुवारीला गारठ्यात पाय शेकायची मुभा आहे, जानेवारीला पिण्याची. मे महिन्याच्या हातात निशाण आहे. त्या दिवसांत पाद्री आणि गावकरी निशाणं घेऊन पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या मुलखाच्या, शिवेवरून फिरत, उभ्या पिकाला आशीर्वाद देत, आणि आपली हद्द कुठून कुठवर ते पोराटोरांना दाखवून ठेवत. ही मिरवणूकही कारागिराने कामातच धरली आहे. मला या दगडात शिक्षा वाचता येत नाही. मला त्यात ओळख करून देणं वाचता येतं. बाळा, तू ज्या वर्षात आलास ते हे असं असतं, ते थांबत नाही, पुन्हा फिरून येतं, आणि त्यातला प्रत्येक महिना कोणीतरी ओढलेला असतो.

मे महिन्याचं हे निशाण आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. मध्ययुगीन दिनदर्शिकांत मे महिना बहुतेकदा सरदाराला दिलेला असतो. घोड्यावर बसलेला, मनगटावर ससाणा घेतलेला, वसंतात शिकारीला निघालेला उमराव. केंटमधल्या ब्रुकलंडच्या चर्चमध्ये बाराव्याच शतकातलं शिशाचं एक कुंड आहे. त्याला वीस कमानी आहेत, वर राशी आणि खाली महिन्यांची कामं, जागा उरली म्हणून आठ महिने दोनदा आलेले. तिथे मे महिना असाच घोडेस्वार आहे. डीपडेलच्या कुंडावर ससाणा नाही आणि उमरावही नाही. वर्षाचे बाराही महिने कष्टकऱ्यांच्या नावावर आहेत. ज्या काळात नॉरफकमधले असंख्य शेतकरी जमीनदाराच्या शेतावर वेठ द्यायला बांधलेले होते, त्या काळात ज्याच्या मालकीचं सारं होतं, तोच या दगडातून वगळला गेला. हेतूने असेल वा सवयीने, त्याने निष्पत्ती बदलत नाही.

अर्थात दगडावरचा मान आणि जगण्यातला मान एक नसतो. 1381 मध्ये इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा जॉन बॉल या धर्मोपदेशकाने आदमाच्या खणण्याचा आणि हव्वेच्या कातण्याचाच दाखला देऊन सरदारकी आली कुठून असा सवाल केला. नॉरफकमध्ये त्या उठावाचा पुढारी होता जेफ्री लिट्स्टर नावाचा एक रंगारी. त्याला चिरडलं ते नॉरिचच्या बिशपने, हेन्री डिस्पेन्सरने, स्वतः शस्त्र हाती घेऊन. ज्या चर्चने राबणाऱ्याला कुंडावर जागा दिली, त्याच चर्चच्या बिशपने राबणाऱ्याला मारलं. हे दोन्ही एकाच प्रदेशात घडलं, आणि कुंडाच्या सौंदर्याने ते झाकून टाकावं असं मला वाटत नाही. उलट बॉलने जो प्रश्न शब्दांत विचारला, तो या दगडात दोनशे वर्षं आधी मूकपणे मांडलेला होता असं वाटतं.

आणि एक उणीव आहे, ती मला टोचते. या वर्षात राबणारी बाई नाही. जून महिन्यापुढे मी उभी राहिले तेव्हा मला माझी आजी आठवली. तण काढणं म्हणजे खुरपणी, आणि खुरपणी म्हणजे बायकांचं काम, असंच मी लहानपणापासून पाहिलेलं. पाऊस उघडला की बायकांची पात लागायची, उकिडव्या बसून बांधापासून बांधापर्यंत सरकायची. संध्याकाळी आजीला सरळ उभं राहायला खांबाचा आधार लागायचा. इंग्लंडच्या शेतांतही बायका तण काढत, पेंढ्या बांधत, लोकर कातत, दूध काढत, दारू गाळत. त्यातल्याच कुणी मूल जन्माला घालून घरी पडलेली असे, कुणी सुईण म्हणून ते कुंडापाशी घेऊन उभी असे, कुणी धर्ममाता म्हणून त्याच्या वतीने बोलत असे. बाप्तिस्म्याच्या वेळी कुंडाभोवती बायका होत्या आणि कुंडावर पुरुष. ईस्ट मिऑनला निदान हव्वेची चाती आहे. डीपडेलच्या कारागिराने सरदाराला वगळलं याचं मी कौतुक करते, त्याच तोंडाने हेही म्हणायला हवं, की त्याने अर्ध्या गावालाही वगळलं.

पुढे या कुंडांवर वाईट दिवस आले. पंधराव्या शतकात नॉरफक आणि सफकमध्ये आठ बाजूंची फार सुंदर कुंडं घडली होती. सात बाजूंवर चर्चचे सात संस्कार आणि आठवीवर बहुधा ख्रिस्ताचं क्रूसारोहण किंवा बाप्तिस्मा. अशी चाळीसेक आज शिल्लक आहेत, पण त्यांतल्या कितीतरींवर माणसांचे चेहरे छिन्नीने उडवलेले आहेत. प्रॉटेस्टंट सुधारणावाद्यांना त्यात मूर्तिपूजा दिसली. 1643 आणि 1644 मध्ये त्यांच्यातलाच विल्यम डाउसिंग सफक आणि केंब्रिजशरच्या चर्चांमधून फिरत मूर्ती आणि चित्रं फोडत होता आणि त्याची रोजनिशीही लिहीत होता. 1645 मध्ये संसदेने जुना प्रार्थनाग्रंथच रद्द केला आणि कुंडाऐवजी साध्या पात्रातून बाप्तिस्मा सुरू झाला. पुष्कळ कुंडं उचलून बाहेर टाकली गेली, काहींतून गुरं पाणी प्यायली.

संतांचे चेहरे उडाले, पण डीपडेलचे शेतकरी आपल्या कमानींत राहिले. फावडं घेतलेल्या माणसाची कोणी पूजा करील अशी भीती कुणालाच वाटली नसावी. त्या कुंडावर घाव आला तो द्वेषाने आलेला नव्हता. दुरुस्तीच्या हलवाहलवीत ते फुटलं, काही काळ गावाबाहेर राहिलं, आणि एकोणिसाव्या शतकात सांधून परत आणलं गेलं. सांधे दिसतात. दिसू दिले हे बरं झालं.

जवळच बर्नहॅम थॉर्प हे गाव आहे. तिथल्या पाद्र्याच्या घरी 1758 मध्ये होरेशियो नेल्सन जन्मला, आणि ज्या कुंडात त्याचा बाप्तिस्मा झाला ते पाहायला लोक आवर्जून जातात. जावं. पण नेल्सनचं कुंड एका माणसामुळे थोर आहे. डीपडेलच्या कुंडातून जी बाळं निघाली, त्यांतल्या सुरुवातीच्या चारशे वर्षांतल्या बहुतेकांची नावंही उरलेली नाहीत. कारण बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही प्रत्येक पॅरिशने ठेवावी असा हुकूम टॉमस क्रॉमवेलने काढला तो 1538 मध्ये. त्याआधीच्या शेतमजुराच्या मुलाला इतिहासात कागद नाही. त्याच्या नावाने एक दगड मात्र आहे, आणि त्यावर तो वर्षभर काम करताना दिसतो.

आता वर्षाचा शेवट. अकरा महिने जो तो आपापल्या कमानीत एकटा आहे. खणणारा एकटा, बांधणारा एकटा, झोडपणारा एकटा. डिसेंबरच्या कमानीत मात्र चार माणसं आहेत, एका टेबलाशी, जेवत. कारागिराच्या हातात तेवढीच जागा होती, तरी त्याने तिथे चौघांना बसवलं. वर्षभरातलं हे एकच चित्र ज्यात कोणी कोणाच्या शेजारी आहे. मला वाटतं, या कुंडाला जे सांगायचं आहे ते या गर्दीत आहे. काम प्रत्येकाच्या वाट्याला वेगळं येतं, पण ते कशासाठी, याचं उत्तर एकट्याच्या कमानीत मावत नाही.

डीपडेलच्या आसपास आज बार्ली आणि बीट पिकतं. मळणी यंत्र एका दिवसात जेवढं उरकतं, तेवढं झोडपायला सप्टेंबरच्या त्या माणसाला अख्खा हिवाळा लागला असता. पण हातांची गरज संपलेली नाही. पूर्व इंग्लंडच्या भाजीच्या शेतांत आणि कोंबड्या सोलायच्या कारखान्यांत पोलंड, लिथुआनिया, रोमानियाहून आलेली माणसं उभी असतात, आणि त्यांचं काम चालू असताना त्यांच्याबद्दल बोलणी होतात ती त्यांच्या परकेपणाची. आपल्याकडे ऊस तोडायला गाव सोडून निघालेल्या जोडप्यांबद्दल तेवढीही होत नाहीत. आपण मुलांना पुष्कळ गोष्टी सांगतो: देवाच्या, राजांच्या, शूरांच्या. तुझ्या ताटातलं कोणाच्या हातून आलं, हे सांगायला आपल्याजवळ ना विधी आहे ना जागा. बाराव्या शतकातल्या एका किनाऱ्यावरच्या गावाने ती जागा केली होती, आणि तीही जन्माच्या पाण्याभोवती, जिथून पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला ती टाळता येऊ नये.

असं कुंड आज कोणी नव्याने घडवलं, तर जूनची कमान खुरपणाऱ्या बाईला मिळाली पाहिजे आणि एखादी ऊस तोडणाऱ्या जोडप्याला. सुईणीला एक आणि परमुलखातून आलेल्यालाही एक. बारा कमानी पुरायच्या नाहीत, त्या वाढवाव्या लागतील. डिसेंबरचं टेबलही मग लांब करावं लागेल, आणि ते करायला हवं.